हवामान पाहून राहायचं ठिकाण निवडायचं असेल तर वाईट महिना आधी पाहा

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला: लोक राहायला जागा निवडताना हवामान खरंच पाहतात, की ती नुसती बोलायची गोष्ट आहे? दुसरा: काम कुठूनही करता येत असेल आणि आवडत्या हवेच्या ठिकाणी कायमचं जायचं असेल, तर नेमकं काय तपासायचं? इमारतींत ऊन, वारा आणि ओल किती शिरेल याचा हिशेब मांडणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे उत्तर माणसांकडून सुरू झालं तरी थोड्याच वेळात भिंती-खिडक्यांकडे वळेल, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या भागाचं उत्तर: पाहतात, पण पोटापाण्याची सोय झाल्यावर. रशियात सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असतं. तरी तिथे तीन लाखांहून जास्त लोक राहतात, कारण त्या प्रदेशाच्या जमिनीत हिरे आणि सोनं आहे. दुबईत १९६८ साली साठ हजारही लोक नव्हते. २०२० पर्यंत ते तेहतीस लाखांच्या पुढे गेले, आणि त्यातलं कोणी जुलैच्या हवेसाठी आलेलं नव्हतं. पोट आधी, हवा मग. हा क्रम बहुतेक घरांत असाच असतो आणि त्यात गैर काही नाही.

गंमत सुरू होते ती पोटाची अट सैल झाली की. एडवर्ड उलमन या भूगोलतज्ज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं की अमेरिकेत लोक आता कारखान्यांच्या मागे न जाता सुखद हवेच्या मागे जाऊ लागले आहेत, आणि उद्योग त्यांच्या मागून येत आहेत. पुढे नेमकं तेच झालं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फीनिक्स शहरात १९५० साली जेमतेम १ लाख ७ हजार वस्ती होती. २०२० च्या जनगणनेत ती १६ लाखांवर गेली. याचं श्रेय बहुतेक जण एअर कंडिशनरला देतात आणि ते बरंचसं खरंही आहे. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला दमटपणा आटोक्यात ठेवायला बनवलेल्या यंत्राने पुढे वाळवंटं आणि दलदली राहण्यालायक केल्या. पण एडवर्ड ग्लेझरसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यात एक खोच दाखवली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत घरं बांधणं सोपं होतं, म्हणून ती स्वस्त राहिली, आणि स्वस्त घरांनीही माणसं ओढली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हवा त्याहून कितीतरी चांगली आहे, पण तिथे नवी घरं फार बांधू दिली गेली नाहीत. त्यामुळे माणसं वाढण्याऐवजी किमती वाढल्या.

चांगल्या हवेचं बिल कुठेतरी येतंच. अर्थशास्त्रज्ञ जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये याचा हिशेब नीट मांडला: सुखद हवेच्या शहरात घरभाडं जास्त असतं, किंवा त्याच कामाला पगार कमी मिळतो, किंवा दोन्ही. म्हणजे हवा फुकट मिळत नाही, ती भाड्यात धरलेली असते. एखाद्या ठिकाणी हवा उत्तम आणि घर मात्र आश्चर्यकारक स्वस्त दिसलं, तर मी आधी संशय घेते. बहुतेक वेळा ज्या महिन्यात जागा पाहिली जाते, तो महिनाच फसवा असतो.

आता दुसरा भाग. माझ्याकडे सल्ल्याला येणारे लोक शहराचं सरासरी तापमान लिहून आणतात. बावीस अंश, चोवीस अंश, वगैरे. या आकड्यातून राहण्याबद्दल जवळजवळ काही कळत नाही. वर्षाची सरासरी वीस अंश असलेलं एक गाव बारा महिने वीसच्या आसपास असतं आणि दुसरं उन्हाळ्यात पस्तीस, हिवाळ्यात पाच. शाळेत शिकवला जाणारा कोपेनचा हवामान नकाशाही इथे फारसा कामाचा नाही. व्लादिमिर कोपेनने १८८४ पासून तो बांधत नेला तो मुख्यतः कुठे कोणती वनस्पती वाढते यावरून. झाडाला सोसतं ते माणसाला सुखाचं असेलच असं नाही.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा. सापेक्ष आर्द्रतेचा टक्का दिवसभर वरखाली होत राहतो आणि गोंधळ उडवतो; दवबिंदू सरळ सांगतो की हवेत पाणी किती आहे. तो १५-१६ अंशांच्या खाली असेल तर घाम सुकतो आणि अंग हलकं राहतं. २० च्या वर गेला की चिकचिक सुरू होते. २४ च्या वर पंखाही उपयोगाचा वाटेनासा होतो. तापमान बत्तीसच असलं तरी दवबिंदू १२ असलेल्या ठिकाणी माणूस सावलीत आरामात बसतो, आणि २५ असलेल्या ठिकाणी बसल्या जागी भिजतो.

दुसरी गोष्ट रात्र. हिला मी दिवसापेक्षा जास्त वजन देते. कोरड्या, निरभ्र प्रदेशात सूर्य मावळला की जमीन भराभर उष्णता सोडते आणि पारा पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. दमट किनाऱ्यावर हा उतार पाच-सात अंशांचाच असतो. रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन आधीच्या थकव्यावर पडतं. मोठ्या शहरात डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात, त्यामुळे वाळवंटातलं शहर वाळवंटासारखं निवत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. बातम्या त्या आकड्याच्याच झाल्या, पण मला जास्त धसका वाटला तो तिथल्या बत्तीस अंशांखाली न उतरणाऱ्या रात्रींचा. तेव्हा 'कोरडी उष्णता चालते हो' हे वाक्य ऐकलं की विचारा, शहराच्या मध्यात पहाटे चार वाजता किती असतं?

इथे एक दिलासाही आहे. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी जगभरच्या इमारतींतल्या लोकांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये दाखवलं की खिडक्या उघडणाऱ्या घरात माणसाला सुखद वाटणारं तापमान बाहेरच्या हवेबरोबर सरकतं. त्यांचं सूत्र सोपं आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणायचं आणि त्यात १७.८ मिळवायचे. बाहेर दहा अंश असतील तर घरात सुमारे एकवीस बरे वाटतात. बाहेर तीस असतील तर सत्तावीसही चालतात. नव्या उकाड्याला शरीर एक-दोन आठवड्यांत बरंच सरावतं. पण ही सवय लागते ती उघड्या खिडकीत. चोवीस तास बंद खोलीत बावीस अंशांवर राहणाऱ्याला ती लागत नाही आणि मग बाहेर पडणं नकोसं होतं. सिंगापूरमध्ये वर्षातला सर्वांत गार आणि सर्वांत गरम महिना यांच्यात जेमतेम दोन अंशांचा फरक आहे. तरी तिथे ऋतू बदलतात. फक्त ते बाहेरचा उकाडा आणि आतला एसी अशा दोन जागांत वाटले गेले आहेत.

पावसाबद्दल लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. लंडनचं नाव पावसासाठी निघतं, पण तिथे वर्षाला साधारण ६०० मिलीमीटर पाऊस पडतो. रोममध्ये त्याहून जास्त, ८०० च्या आसपास. मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. सियाटलपेक्षा न्यूयॉर्कमध्ये जास्त पाऊस होतो, आणि बदनाम मात्र सियाटल. याचं कारण एकच: माणसाला मिलीमीटर जाणवत नाहीत, दिवस जाणवतात. धो धो कोसळून दोन तासांत उघडणारा पाऊस आणि सकाळपासून रात्रीपर्यंत झिमझिमत राहणारा पाऊस यांची बेरीज सारखी असू शकते. त्यांच्याखाली जगलेले दिवस सारखे नसतात. म्हणून पावसाच्या दिवसांची संख्या पाहा, आणि त्याहूनही सूर्यप्रकाशाचे तास पाहा.

याचं टोकाचं उदाहरण लीमा. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावरचं हे सुमारे एक कोटी वस्तीचं शहर. पाऊस वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर. नुसता हा आकडा वाचणाऱ्याला लख्ख ऊन डोळ्यांसमोर येईल. प्रत्यक्षात थंड सागरी प्रवाहामुळे हिवाळ्याचे महिनेच्या महिने शहरावर राखाडी ढगांचं झाकण असतं, हवा दमट असते, आणि भिंतींना ओल धरते. वाळवंटात राहून ऊन न दिसणं काय असतं हे तिथे कळतं. उलट उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, तरी तिथली माणसं त्या काळाबद्दल बाहेरच्यांना वाटतं तितकी खिन्न नसतात. बर्फ, चंद्र आणि दिव्यांचा उजेड असतो, लोक बाहेर पडतात, आणि गाव त्या अंधारासाठी तयार असतं. अर्थात ज्यांना उजेड कमी झाला की उदासी येते त्यांनी हे धाडस उगाच करू नये. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ मध्ये या ऋतुमानी नैराश्याचं वर्णन केलं, आणि ते मनाचे खेळ म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही.

उंचावरच्या उष्णकटिबंधीय शहरांची फार भुरळ असते. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणून विषुववृत्ताजवळ असूनही २,८५० मीटरवरचं इक्वाडोरचं कीटो, १,५०० मीटरवरचं कोलंबियातलं मेडेयिन आणि त्यांच्यापेक्षा उत्तरेला १,९०० मीटरवरचं चीनमधलं कुनमिंग 'सदा वसंत' म्हणून मिरवतात. कीटोमध्ये महिन्यामहिन्यांत अंशाचाही फरक पडत नाही. हवा खरंच सुंदर आहे. पण उंचीवर ऊन त्वचेला भाजतं, सावलीत लगेच गारठा वाटतो, विरळ हवेत नवख्याला दम लागतो आणि सगळे ऋतू एका दिवसात होऊन जातात: सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, संध्याकाळी छत्री. शिवाय वर्षभर एकसारखी हवा काहींना दोन वर्षांनी कंटाळवाणी वाटू लागते. ज्यांना झाडांच्या बदलत्या रंगांवरून काळाचा अंदाज घ्यायची सवय असते, त्यांचं हे दुखणं खरं असतं.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येते. इथे थोडा वेळ घेईन.

सौम्य हवेच्या ठिकाणी घरं वाईट बांधलेली असतात. सगळीकडे नाही, पण इतक्या ठिकाणी की नियमच समजावा. हिवाळ्यात वर्षाच्या इतर काळापेक्षा किती जास्त माणसं दगावतात याची युरोपातल्या चौदा देशांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणालाही वाटेल की फिनलंड सर्वांत वर असेल. फिनलंडमध्ये वाढ १० टक्के होती. उबदार पोर्तुगालमध्ये २८ टक्के, म्हणजे यादीत सर्वांत जास्त. फिनलंडच्या भिंतींत जाड उष्णतारोधक थर असतो, खिडक्यांना तीन काचा असतात आणि घर सगळं एकसारखं ऊबदार असतं. पोर्तुगालमध्ये 'इथे थंडी असतेच किती' म्हणत बांधलेली पातळ भिंतींची घरं असतात. फरशी बर्फासारखी, आणि बाहेरपेक्षा आतच जास्त कुडकुडायला होतं. दक्षिणेकडच्या कोवळ्या उन्हासाठी गेलेली उत्तरेकडची माणसं पहिल्या जानेवारीत हीच तक्रार करतात.

उन्हाळ्यातही तेच. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे उन्हाळा म्हणजे बाल्कनीत बसायचे दिवस, तिथे उष्णतेची लाट आली. लिटन या गावात २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी गाव जळालं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्या लाटेत ६१९ माणसं गेली. त्यातली ९८ टक्के घरात गेली, उन्हात नाही. घरं थंडी अडवायला बांधलेली, पश्चिमेला मोठ्या काचा, खिडकीबाहेर सावली करणारं काही नाही, गार हवेची सोय बहुतेकांकडे नाही. तिथल्या हवेने हे घर कधी तपासलंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असतो की शहराच्या हवामानाइतकंच घराचं हवामान पाहा. उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन कुठे येतं? समोरासमोर खिडक्या आहेत का, आणि रात्री त्या उघड्या ठेवता येतात का? आवाज, डास किंवा चोरीची भीती असेल तर ती खिडकी नसल्यात जमा. छत कोणत्या रंगाचं आहे, त्याखाली काही थर आहे का? वरचा मजला असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी. भिंतींचे खालचे कोपरे आणि कपाटांच्या मागची बाजू पाहा, ओल तिथे खरं बोलते. जुन्या वस्त्या असतील तर त्या कोणीकडे तोंड करून बसल्या आहेत तेही पाहा. फ्रान्सच्या दक्षिणेत मिस्त्राल नावाचा गार वारा उत्तरेकडून खाली सुटतो. तिथल्या जुन्या शेतघरांच्या त्या बाजूच्या भिंतीला जवळजवळ खिडक्या नसतात. नवी घरं मात्र निसर्गदृश्यासाठी त्याच बाजूला काच लावून बसतात.

आणखी एक गोष्ट, जी जागा दाखवणारे कधी सांगत नाहीत. ठिकाणाची जी मोहिनी असते, तिच्याच पोटात पुष्कळदा त्याचा धोका असतो. पृथ्वीवरच्या फार थोड्या, दोनेक टक्के जमिनीवर भूमध्यसागरी हवामान आहे: सौम्य ओला हिवाळा, कोरडा लख्ख उन्हाळा. बहुतेकांना आदर्श वाटतं ते हेच. पण महिनोन्‌महिने पाऊस नसणं म्हणजेच झाडोरा वाळून कोळ होणं. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात निवृत्त माणसं पाइनच्या झाडांतल्या निवांत घरांसाठी येत. नोव्हेंबर २०१८ मध्ये काही तासांत गाव जळालं, ८५ जण गेले. तसंच नदीकाठच्या गारव्याचं आणि समुद्रकाठच्या वाऱ्याचं. मी कोणाला तिथे जाऊ नका म्हणत नाही. गावाबाहेर पडायचे रस्ते किती, आणि त्या घराचा विमा कोणी उतरवायला तयार आहे का, एवढं आधी विचारा. विमा कंपन्या भावनेत वाहून जात नाहीत, त्यांचा नकार हा फुकट मिळालेला तज्ज्ञाचा सल्ला असतो.

जाऊन सुख लागेल का? डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल किती समाधान आहे ते विचारलं. दोन्हीकडे समाधान सारखंच निघालं. पण दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातले जास्त सुखी असणार. हवेबद्दल विचार करताना आपण फक्त हवाच पाहतो. रोजचं जगणं मात्र प्रवास, शेजार, काम आणि तब्येतीने भरलेलं असतं. या अभ्यासाचा दाखला देऊन काही जण म्हणतात की हवेने काहीच फरक पडत नाही. ते मला पटत नाही. निळ्या आकाशाची सवय होते आणि ते दिसेनासं होतं, हे खरं. पण झोप मोडणाऱ्या रात्री, दम्याला त्रास देणारी ओल, किंवा वर्षातले तीन महिने म्हाताऱ्या आईला घराबाहेर पाऊल टाकता न येणं, यांची सवय होताना मी पाहिलेली नाही. सुखद हवेने मिळणारा आनंद लवकर विरतो, वाईट हवेचा जाच टिकतो. म्हणून मी चांगल्या महिन्यांची संख्या मोजण्याऐवजी वाईट सहा आठवडे कसे जातील ते पाहायला सांगते.

ते पाहायची पद्धतही तशी सोपी. हवामान खात्यांच्या तीस वर्षांच्या सरासऱ्या मिळतात. सध्याचा प्रमाणित काळ १९९१ ते २०२० आहे. त्याच ठिकाणचे १९६१ ते १९९० चे आकडे शेजारी ठेवा. रात्रीचं किमान तापमान किती चढलं, पावसाळा किती सरकला, हे दिसेल, आणि पुढची पंचवीस वर्षं कोणत्या दिशेने जाणार त्याचा अंदाज येईल. २०२० मधल्या एका अभ्यासाने दाखवलं आहे की गेली सहा हजार वर्षं माणसं मुख्यतः ११ ते १५ अंश वार्षिक सरासरीच्या पट्ट्यात दाटलेली आहेत, आणि दुसरा छोटा घोळका मोसमी पावसाच्या प्रदेशात २० ते २५ अंशांत. तो पट्टा आता जागा बदलतो आहे. आज थोडं थंड वाटणारं गाव तुमच्या म्हातारपणी नेमकं ठरू शकतं, आणि आज नेमकं असलेलं गरम.

मग त्या गावी सर्वांत वाईट महिन्यात जाऊन भाड्याच्या घरात राहा. हॉटेलात नको, तिथे हवा त्यांची असते. कपडे किती वेळात वाळतात, वीज कितीदा जाते, पाणी कोणत्या महिन्यात कमी होतं, दुपारी रस्त्यावर कोण असतं, हे पाहा. तिथे वाढलेल्यांपेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्यांना विचारा. जन्मापासून तिथेच असलेल्यांना ती हवा खटकत नाही, त्यामुळे त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. आणि ते राहणं संपल्यावरही ठरत नसेल, तर कॅनडातले अनेक निवृत्त लोक करतात तसं करता येतं: हिवाळा फ्लोरिडात, बाकी वर्ष घरी. दोन घरांचा खर्च झेपत असेल आणि डॉक्टर, बँक, विमा दोन्हीकडे लावून देता येत असेल, तर एकाच गावाकडून बाराही महिन्यांची अपेक्षा धरण्याची गरज उरत नाही.